‘टाकणे’, ‘फेकणे’, ‘टाकून देणे’ : पाटीवर नेमकं काय लिहावं?

गोदातीर

नमस्कार मंडळी. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीसाठी कचरा वेगळा करण्याच्या सूचना मराठीत लिहायच्या आहेत. जिन्यातली पाटी, कुंड्यांवरच्या चिठ्ठ्या आणि प्रत्येक स्वयंपाकघरात लावायचा एक कागद. इंग्रजीवरून केलेला मसुदा हाताशी आहे, पण तो वाचवत नाही. सगळीकडे एकच क्रियापद: कचरा फेका, औषधे फेका, फुले फेका, उरलेले तेल फेका, जुनी भांडी फेका.

‘फेका’ खोडून सगळीकडे ‘टाका’ केलं तर भागेल का, की प्रत्येक वस्तूला वेगळं क्रियापद लागेल?

शब्दवेल्हाळ

वेगळं लागेल. कोशात ‘टाकणे’ आणि ‘फेकणे’ शेजारी दिसतात म्हणून ते एकमेकांच्या जागी चालतात असं नाही. फेकण्यात जोर आहे, अंतर आहे, हात मागे जाऊन पुढे येतो. भालाफेक, थाळीफेक, गोळाफेक, नाणेफेक. टाकण्यात वस्तू हातून सुटली एवढंच. ती पायाशी पडली काय नि लांब पडली काय.

क्रिकेटचं मराठी समालोचन ऐका. गोलंदाज चेंडू टाकतो, सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक चेंडू फेकतो. गोलंदाजाने चेंडू ‘फेकला’ असं कुणी म्हटलं तर तो आरोप होतो: चेंडू सोडताना त्याचं कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झालं, म्हणजे गोलंदाजी नियमाबाहेर. ‘टाकला’ म्हटलं की सगळं कायदेशीर.

आता पाटीकडे या. ‘येथे कचरा फेकू नये’ ही सूचना लांबून पिशवी भिरकावणाऱ्याला लागू पडते. कोपऱ्यापर्यंत चालत येऊन, वाकून, हळूच पिशवी ठेवून जाणाऱ्याने काही फेकलेलं नसतं. ‘टाकू नये’ लिहिलंत की दोघेही त्यात आले. ‘फेकू नये’ मात्र गॅलरीच्या पाटीसाठी राखून ठेवा: ‘गॅलरीतून काहीही खाली फेकू नये.’ तिथे ‘टाकू नये’ मिळमिळीत वाटेल.

आणि ‘फेंकू’ लिहू नका. जुन्या छापील मजकुरात तो अनुस्वार दिसतो, पण १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढले.

चुलीपाशी

जिन्यातल्या पाटीपुरतं ‘टाकू नये’ ठीक आहे. स्वयंपाकघरातल्या कागदावर मात्र ‘टाका’ हा शब्द घात करेल, कारण त्याला दोन उलटे अर्थ आहेत: आत घालणे आणि बाहेर काढणे.

‘तांदूळ धुऊन पाणी टाका.’ आता पाणी पातेल्यात घालायचं की धुवण ओतून द्यायचं? ‘मटकी रात्रभर भिजवून सकाळी पाणी टाका.’ पुन्हा तेच. बोलताना हात दिसतो, भांडं दिसतं, म्हणून घोटाळा होत नाही. कागदावर यातलं काही दिसत नाही.

बॅटऱ्यांचं तर फारच अवघड. ‘जुन्या बॅटऱ्या टाकू नका’ हे घड्याळाच्या खोक्यावर असेल तर अर्थ ‘आत घालू नका’, कचराकुंडीवर असेल तर ‘कुंडीत टाकू नका’, आणि नुसत्या कागदावर असेल तर ‘फेकून देऊ नका, सांभाळून ठेवा’. एकाच ओळीचे तीन अर्थ.

त्यामुळे वस्तू आत जाणार असेल तिथे ‘घाला’ लिहा. मीठ घाला, साखर घाला, बॅटरी घाला. नाशिकात बोलताना ‘मीठ टाक’ सर्रास चालतं आणि त्यात चूक काही नाही, पण लिहिताना ‘घाला’ वापरलं की ‘टाकणे’ बाहेरच्या दिशेला मोकळं राहतं. वस्तू बाहेर जाणार असेल तर एकटं ‘टाका’ लिहू नका, ‘टाकून द्या’ लिहा. पातळ असेल तर ‘ओतून द्या’. वेगळं करायचं असेल तर ‘काढून टाका’: देठ काढून टाका, बिया काढून टाका.

गोदातीर

हे फार उपयोगी पडलं. ‘टाकून देणे’ आणि ‘काढून टाकणे’ यांत एकदा ‘देणे’ मागे येतं, एकदा ‘टाकणे’च मागे येतं. त्याला काही नियम आहे का? आणि तळणाचं उरलेलं तेल ‘ओतून द्या’ लिहावं का?

चुलीपाशी

तेलाला ‘ओतून द्या’ अजिबात नको. लोक ते मोरीतच ओततील. वापरलेलं तेल, त्यातही वनस्पती तूप, गार झाल्यावर पाइपाच्या आतून थर धरतं. त्या थराला भाताची शितं आणि डाळीचा गाळ चिकटतो आणि मोरी तुंबते. गरम पाणी सोडून थर थोडा पुढे सरकतो आणि पुढच्या वळणावर पुन्हा बसतो.

इथे क्रियापदं पायरीपायरीने द्यावी लागतील. तेल गार होऊ द्या. गाळून बाटलीत भरा, झाकण घट्ट लावा. कढईत राहिलेलं रद्दी कागदाने टिपून घ्या आणि मगच कढई घासा. बाटली वेगळी ठेवा आणि तेल गोळा करणाऱ्याला द्या. यात ‘टाका’ कुठेच येत नाही बघा. मूळ मसुद्यात ‘फेका’ लिहिलं होतं म्हणून करायची खरी कृतीच झाकली गेली होती.

शब्दवेल्हाळ

नियम आहे, आणि मराठीतल्या संयुक्त क्रियापदांचा हा भाग मोठा गोड आहे.

‘देणे’ मागे आलं की काम आपल्यापासून दूर, बाहेरच्या दिशेने झालं. टाकून दिलं, सोडून दिलं, ओतून दिलं, हाकलून दिलं. वस्तू गेली, तिच्याशी असलेला संबंध संपला. ‘पिशवी टाकली’ म्हटल्यावर ती दारामागे टाकली असंही होईल, पण ‘टाकून दिली’ म्हटल्यावर ती परत येत नाही.

‘टाकणे’ मागे आलं की काम पुरतं झालं, निकाल लागला. पुसून टाकलं, खोडून टाकलं, विकून टाकलं, सांगून टाकलं. यात काही फेकलं जाईलच असं नाही. ‘सांगून टाकलं’मध्ये मनावरचं ओझं उतरलं एवढंच.

‘टाकणे’ सहसा सकर्मक क्रियापदालाच जोडतात. ‘मारून टाकलं’ होतं, ‘मरून टाकलं’ होत नाही, तिथे ‘मरून गेला’. तसंच ‘जाळून टाकलं’ पण ‘जळून गेलं’, ‘फाडून टाकलं’ पण ‘फाटून गेलं’. दुसरं असं की साध्या नकारात ही जोडी सुटते. ‘त्याने लाडू खाऊन टाकला’ याचा नकार ‘खाऊन टाकला नाही’ असा कुणी करत नाही, ‘खाल्ला नाही’ म्हणतो. मनाई मात्र चालते: ‘पत्ता खोडून टाकू नका’, ‘पाकीट टाकून देऊ नका’. तुमच्या पाट्यांना हीच रचना लागणार आहे, तेव्हा बिनधास्त वापरा.

रामकुंड ते तपोवन

फुलांच्या ओळीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष झालंय. ‘फुले फेका’ हे नाशिकमध्ये लावता येणार नाही, आणि ‘निर्माल्य टाका’ हेही अनेकांना खटकेल. देवाच्या वस्तूला मराठीत टाकण्याचं क्रियापद लावत नाहीत. निर्माल्य उतरवतात, काढतात, विसर्जित करतात. गणपतीचं विसर्जन करतात, बोळवण करतात. वऱ्हाडाकडे ‘शिरवणे’ म्हणतात. रामकुंडावर अस्थी ‘टाकत’ नाहीत, अस्थी सोडतात, विसर्जित करतात. द्रोणातला दिवा नदीत सोडतात.

याच नजरेने मराठीने कितीतरी शब्द राखलेत. दिवा विझवत नाहीत, मालवतात किंवा शांत करतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पाटी लिहिणाऱ्याने हा संकोच ओळखला पाहिजे. पाटीवरचा शब्द कानाला अपवित्र वाटला तर माणूस कुंडीकडे जाणार नाही, पिशवी घेऊन थेट घाटावर जाईल.

पण ‘निर्माल्य विसर्जित करा’ असंही लिहू नका. विसर्जन म्हटलं की डोळ्यांपुढे पाणीच येतं. ‘निर्माल्य कलशात ठेवा’ लिहा. आणि त्याआधी एक ओळ: हारातला दोरा, जर, प्लास्टिकची फुले, अगरबत्तीचं पाकीट काढून घ्या. फुलं कुजून खत होतात, पण दोरा खतात तसाच राहतो आणि खत चाळताना चाळणीत अडकतो.

भाकरतुकडा

निर्माल्यावरून आठवलं, ‘ओवाळून टाकणे’ यावर कुणी लिहिलं नाही. ‘आई लेकरावर जीव ओवाळून टाकते’ यात माया आहे. ‘तो अगदी ओवाळून टाकलेला आहे’ यात शिवी आहे. क्रिया दोन्हीकडे एकच, दृष्ट काढण्याची. मीठमोहऱ्या किंवा भाकरतुकडा माणसावरून ओवाळायचा आणि लांब टाकायचा किंवा चुलीत घालायचा. ओवाळलेल्या वस्तूने वाईट ते सगळं आपल्यावर घेतलं, म्हणून ती पुन्हा घरात येत नाही. आपला जीवच त्या वस्तूच्या जागी ठेवला तर माया. आणि एखाद्या माणसाला त्या टाकलेल्या तुकड्याच्या जागी ठेवलं तर तो कुणाच्याच उपयोगाचा नाही.

बागलाणी

शेतात तर ‘टाकणे’ फार कमी वापरतात. काय काढलं आणि का काढलं हे क्रियापदातच सांगावं लागतं, नाहीतर मजूर चुकीचंच काढून बसतो.

द्राक्षबागेत एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी. पहिलीत मागच्या हंगामाची काडी आखूड छाटून टाकतात म्हणजे नवी काडी तयार होते, दुसरीत घड येण्यासाठी छाटतात. छाटणीनंतर घड नसलेली फूट निघते ती फेलफूट, ती ‘काढतात’. पानाच्या बगलेतून येणारी बगलफूटही ‘काढतात’. शेंडा ‘खुडतात’ किंवा ‘मारतात’. घडातले दाटीचे मणी कात्रीने कमी करतात ती ‘विरळणी’. मणी लहान असतानाच हे झालं पाहिजे, नाहीतर एकमेकांना दाबून तडकतात आणि घडाच्या पोटात कूज सुरू होते. यातल्या कुठल्याही कामाला ‘मणी फेका’ म्हटलं तर काय होईल! आणि ‘मणी गळाले’ हे सगळ्यात वेगळं. तिथे माणसाचा हात नाही, ती बागेची तक्रार आहे.

कांद्याचं असंच. प्रतवारी करताना गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, ‘वेगळी काढतात’, ती टाकाऊ नसते, तिला कमी का होईना भाव असतो. डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे) आणि जोड कांदे ‘बाजूला काढतात’, कारण ते कांदा साठवायच्या चाळीत टिकत नाहीत. डेंगळ्याची मान जाड असते, नीट सुकत नाही, तिथूनच सड आत शिरते. चाळ फोडल्यावर सडका कांदा निघतो तो मात्र ‘फेकतात’, आणि चाळीपासून लांब फेकायला पाहिजे. भाव पडल्यावर शेतकरी कांदा रस्त्यावर ‘ओततो’. बातमीत ‘कांदा रस्त्यावर फेकला’ येतं ते चुकीचं नाही, पण ट्रॉली उलटी करून सगळा माल एकदम खाली जातो ते ‘ओतणे’ आहे.

गायीचा किंवा म्हशीचा गर्भ पडला की तिने ‘गाभ टाकला’ म्हणतात. इथे टाकण्यात इच्छा नसते. झाड ‘मान टाकतं’, तिथेही नसते.

सटाण्याकडे अहिराणीत ‘टाकी दे’, ‘फेकी दे’ असं म्हणतात. मागचं ‘देणे’ तिथेही आहेच.

पोथीवाला

बागलाणींनी ‘ओतणे’ काढलं, म्हणून ‘सांडणे’ सांगतो. आज ‘सांडलं’ म्हणजे नकळत पडलं. दूध सांडतं, चहा सांडतो. जुन्या मराठीत, ज्ञानेश्वरीपासून पुढे, ‘सांडणे’ म्हणजे जाणूनबुजून टाकून देणे, त्याग करणे. अहंकार सांडावा, भय सांडावं. तो अर्थ बोलण्यातून गेला पण जोडशब्दांत राहिला. सांडपाणी म्हणजे टाकून दिलेलं पाणी, चुकून सांडलेलं नव्हे. धरणाचा सांडवा म्हणजे जादा पाणी मुद्दाम बाहेर सोडायची जागा.

नाशिककराला सांडवा धरणाआधी गोदाघाटावर भेटतो. नदी ओलांडायचे ते बुटके दगडी बांध, पूर आला की ज्यांच्यावरून पाणी वाहून जातं. सांडव्यावरची देवी त्यामुळेच सांडव्यावरची. त्यामुळे पाटीवर ‘सांडपाणी टाकू नये’ लिहाल तर टाकलेलं पुन्हा टाकल्यासारखं होईल. ‘सांडपाणी सोडू नये’ लिहा. पाण्याला, धुराला, वायूला ‘सोडणे’च चपखल बसतं.

भांडीबाजार

जुन्या भांड्यांसाठी ‘फेका’ही नको नि ‘टाका’ही नको. तांब्यापितळेचं भांडं मोडीत घालतात. दुकानदार आधी लोखंडी कडी आणि लाकडी मूठ काढतो, डाग देऊन सांधलेली जागा बघतो आणि मग वजन करतो. मोडीचा भाव नव्या भांड्याच्या भावापेक्षा कमी असतो, कारण धातू राहतो पण घडणावळ जाते. सोनं ‘मोडतात’ तेव्हाही हेच.

यावरूनच ‘मोडीत काढणे’ आलं: एखाद्या गोष्टीची घडण विचारात न घेता तिला नुसत्या धातूच्या मोलाने मोजणे. ‘त्याचा अनुभव मोडीत काढला’ या वाक्यात नेमका हाच अन्याय आहे. भंगारात घालणे आणि रद्दीत घालणे हेही याच कुळातले. तिन्हींत वस्तू वजनावर जाते, तिची किंमत शून्य होत नाही. अडगळीत टाकणे त्याहून वेगळं. तिथे वस्तू घरातच राहते, फक्त नजरेआड होते.

टिपणी

कार्यालयातले शब्दही जोडतो, सोसायटीला पुढे लागतील. सोसायटीची जुनी खुर्ची किंवा पंप कार्यकारिणीला नुसता ‘टाकून दिला’ असं इतिवृत्तात लिहिता येत नाही. शासकीय मराठीत त्याला ‘निर्लेखन’ म्हणतात. जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या वहीत, जी वस्तू आहे ती निरुपयोगी ठरवून नोंदवहीतून कमी करायची, मग लिलाव किंवा विक्री. आधी वस्तू विकली आणि निर्लेखन राहून गेलं तर लेखापरीक्षणात ती वस्तू हजर दाखवलेली पण जागेवर नाही, असं होतं.

कागदपत्र ‘नष्ट करतात’, अर्ज ‘फेटाळतात’ किंवा ‘निकाली काढतात’, नियम ‘रद्द करतात’, नाव ‘वगळतात’ किंवा ‘कमी करतात’. अर्ज ‘फेटाळला’ म्हणजे वाचून नाकारला. ‘केराची टोपली दाखवली’ म्हणजे वाचलाच नाही. हा फरक तक्रारीत फार महत्त्वाचा आहे.

माणसाला टाकायचे शब्द वेगळे. त्यातल्या ‘वाळीत टाकणे’ला तर आता कायदाच आडवा येतो, महाराष्ट्राने २०१६मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध केलेला.

भाकरतुकडा

माणसाला घालवण्यावरून ‘अर्धचंद्र देणे’ घ्या. अंगठा आणि तर्जनी ताणून पंजा मानेवर ठेवला की आकार अर्ध्या चंद्राचा होतो, त्याने मान धरून बाहेर काढणे. ‘नारळ देणे’ त्या मानाने सभ्य, निरोपाचा मान देऊन घालवणे. हक्क सोडायचे शब्द धर्मविधीतले: दानाचा संकल्प करताना हातावरून पाणी सोडतात म्हणून ‘पैशांवर पाणी सोडलं’, वस्तूवर तुळशीपत्र ठेवलं की ती आपली राहत नाही, आणि मृताला तीळ-पाण्याची ओंजळ देतात म्हणून ‘तिलांजली’. चालू सवयीला तिलांजली देतात, बॅटरीला नाही.

गोदातीर

सगळ्यांचे आभार. सुधारलेला मजकूर खाली देतोय, चुका दाखवा.

जिना: ‘येथे कचरा टाकू नये. गॅलरीतून काहीही खाली फेकू नये.’

ओल्या कचऱ्याची कुंडी: ‘भाजीची देठे, फळांच्या साली, खरकटे, चहाचा चोथा येथे टाका. पिशवी मोकळी करून टाका. पिशवी सुक्या कचऱ्यात घाला.’

सुक्या कचऱ्याची कुंडी: ‘कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, पत्र्याचे डबे. दुधाची पिशवी धुऊन, वाळवून टाका. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ लिहून वेगळी द्या.’

तिसरा डबा: ‘बॅटऱ्या, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे कुंडीत टाकू नका. येथे टाका.’

स्वयंपाकघर: ‘तळणाचे उरलेले तेल मोरीत ओतू नका. गार झाल्यावर बाटलीत भरून ठेवा.’

निर्माल्य: ‘दोरा व प्लास्टिक काढून निर्माल्य कलशात ठेवा.’

घंटागाडी: ‘घंटागाडी येताच ओला, सुका व घातक कचरा वेगवेगळा द्या.’

शब्दवेल्हाळ

घंटागाडीला ‘द्या’ केलंत ते उत्तम. ‘टाका’ लिहिलं असतं तर लोकांनी लांबूनच पिशव्या भिरकावल्या असत्या. २०१६च्या घनकचरा नियमांतही ओला, सुका आणि घरगुती घातक असं वेगळं करून कचरा सुपूर्द करायला सांगितलं होतं.

तिसऱ्या डब्याच्या ओळीत मात्र ‘टाकू नका. येथे टाका’ असं लागोपाठ आलंय. घाईत वाचणारा एकच अर्धं वाचेल. ‘कुंडीत टाकू नका. या डब्यात ठेवा’ करा. ट्यूबलाइट तर ठेवायचीच असते, टाकली की फुटते आणि आतला पारा बाहेर येतो.

चुलीपाशी

ओल्या कुंडीवर ‘पिशवी मोकळी करून टाका’ याचा अर्थ पिशवीच टाका असाही होतो. ‘पिशवीतला कचरा येथे ओता, पिशवी सुक्या कचऱ्यात टाका’ असं करा. आणि तेलाच्या ओळीत ‘गाळून’ राहिलंय. गाळ बाटलीत राहिला तर तेलाला वास येतो आणि घेणारा ते घेत नाही.